वाड्यातले भूत आणि सातबारा

कोकणातल्या माणसाला भुताविषयी कधी सरळ प्रश्न विचारू नये. "काय हो, तुम्ही भुतेखुते मानता का?" असे विचारले, की तो हसतो, "छे! कुठल्या काळातल्या गोष्टी काढता!" म्हणतो आणि विषय भाताच्या भावावर नेतो. त्याऐवजी काहीएक न विचारता त्याच्या ओटीवर नुसते बसून राहावे. दिवेलागण झाली, वारा पडला, की तो आपण होऊन सुरुवात करतो : "मी काही मानत नाही, पण आमच्या धाकट्या काकांना एकदा काय झालं..." पुढे निदान दोन तास घरी परतण्याची आशा सोडावी. एका भुतातून दुसरे निघते, दुसऱ्यातून तिसरे. शेवटी यजमान विजेरी घेऊन पाहुण्याला वळणापर्यंत पोचवायला येतो आणि मग एकट्याने परतायचे कसे, म्हणून पाहुण्यालाच पुन्हा घरापर्यंत बरोबर नेतो!

या सदरात मी एरवी पुस्तकांविषयी लिहितो. पण दिवाळीचा अंक म्हणजे फराळाचे ताट. त्यात चकलीशेजारी करंजी चालते, तशी पुस्तकांशेजारी एखादी मालिका चालायला हरकत नसावी. मराठीच्या प्राध्यापकाने मालिका पाहू नये आणि पाहिली तर निदान बोलू नये, असा आमच्या व्यवसायात संकेत आहे. तो मी आज मोडतो. कारण ही मालिका नुसती पाहून सोडून देता आली नाही. तिने आमच्या पेण-रोह्याकडची कितीतरी माणसे महिनोन्‌महिने विचाराला लावली. विचार करायला लावणाऱ्या पुस्तकांची यादी मी दरवर्षी देतो. त्या यादीतल्या बहुतेकांना हे साधलेले नाही.

मालिका म्हणजे झी मराठीवरची 'रात्रीस खेळ चाले'. फेब्रुवारी २०१६ मध्ये ती सुरू झाली आणि रात्री साडेदहाच्या सुमारास आमच्या आळीत एकदम सामसूम होऊ लागली. पहिला भाग त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात संपला. दुसरा जानेवारी २०१९ ते ऑगस्ट २०२० असा चालला. मध्यंतरी करोनाच्या टाळेबंदीत भुतांनाही काही महिने सक्तीची रजा मिळाली. तिसरा मार्च २०२१ ते एप्रिल २०२२. नाव घेतले ते १९७६ सालच्या 'हा खेळ सावल्यांचा' या चित्रपटातल्या, सुधीर मोघे यांनी लिहिलेल्या गाण्यावरून. त्यामुळे नाव ऐकताच चाळिशीपुढच्या प्रेक्षकाच्या अंगावर अर्धा काटा आधीच उभा राहिला होता. उरलेल्या अर्ध्याचे काम सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातल्या त्या वाड्याने केले.

पहिल्या भागाची मांडणी साधी होती. गावातले मोठे प्रस्थ अण्णा नाईक वारतात. माधव, दत्ता, अभिराम हे मुलगे, छाया ही मुलगी, सुना, पत्नी माई असा सगळा गोतावळा वाड्यात जमतो. मृत्युपत्राची आणि जमिनीची बोलणी निघतात. सुसल्या नावाची एक मुलगी आपणही अण्णांचेच रक्त असल्याचे सांगते. आणि वाड्यात रात्री-बेरात्री काही ना काही घडू लागते. हे घडवतो कोण? भूत की माणूस? सारा खेळ या एका प्रश्नावर उभा होता, आणि प्रश्न बरेच दिवस लोंबकळत ठेवण्याचे धैर्य लेखक-दिग्दर्शकांनी दाखवले.

आता आमच्या डब्याकडे येतो. मी पेणला राहतो आणि रोह्याला शिकवतो. दिवा-रोहा पॅसेंजरमधला आमचा एक ठरलेला डबा आहे. पेणला मी चढतो, कासूला एक प्राथमिक शाळेतल्या बाई चढतात, नागोठण्याला त्या उतरतात. सरकारी दवाखान्यातल्या एक परिचारिका आहेत. त्यांना सारा डबा सिस्टर म्हणतो. धाटावच्या कारखान्यात फिटर असलेला एक तरुण आहे. आणि एक निवृत्त तलाठी आहेत. नोकरी संपली तरी लोकांची कागदपत्रे सोडवून देण्यासाठी ते रोह्याच्या तहसील कचेरीत खेटे घालतात. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. २०१६ साली या डब्याचे दोन पक्ष पडले : भूतपक्ष आणि माणूसपक्ष. विधिमंडळात व्हावी तशी चर्चा रोज सकाळी होई. फरक एवढाच की इथे सगळे सभासद आदला दिवस अभ्यासून येत.

फिटरचा सिद्धान्त पांडूविषयी होता. पांडू म्हणजे वाड्यावरचा गडी. साधाभोळा, बोलायला गेला की सगळे विसरणारा. महाराष्ट्र त्याच्या विसरण्याला हसत होता, त्या वेळी हा तरुण मान हलवून म्हणे, "ज्याला सगळं विसरतं, त्याला नेमकं घटनेच्या जागी हजर राहायचं कसं आठवतं? मोजून बघा, सर." आणि तो खरोखरच मोजत असे. कोणत्या दिवशी कोण किंचाळले आणि त्या वेळी पांडू कुठे उभा होता, याची टिपणे त्याच्या भ्रमणध्वनीत होती. कारखान्यात यंत्र बिघडले म्हणजे शेवटी त्याला हात कोणाचा लागला होता ते आधी पाहतात. तोच न्याय त्याने वाड्याला लावला होता.

शाळेतल्या बाईंचा रोख माईवर. "जिनं जन्मभर सोसलं, तिच्यावर कोणी संशय घेत नाही. म्हणून मी तिच्यावरच घेते," हे त्या इतक्या शांतपणे म्हणत, की त्यांच्या घरच्या मंडळींची मला काळजी वाटे. सिस्टर बाकी भूतपक्षातल्या. पण त्यांचे भूतही शिस्तीचे होते. अमुक प्रसंग भुताचा नव्हे, असे त्या ठामपणे सांगत. "दार उघडायला कडी काढावी लागते ते कसलं भूत? भुताला कडी काय करायची?" विज्ञान शिकलेली शहरातली सून नीलिमा हिच्याबद्दल मात्र दोन्ही पक्षांत फूट होती. ती भूत मानत नाही म्हणून तीच गुन्हेगार, असे भूतपक्ष म्हणे. आणि ती भूत मानत नाही म्हणून तीच पुढची बळी, असे माणूसपक्ष म्हणे.

भाऊसाहेब हे सगळे खिडकीशी बसून ऐकत. पंधरवडाभर ते काही बोलले नाहीत. मग एके दिवशी चष्मा पुसत म्हणाले, "ते सगळं राहू द्या. सातबारा कोणाच्या नावावर आहे, ते आधी सांगा."

डबा हसला. पण भाऊसाहेब हसले नाहीत. त्यांनी जुन्या पाकिटाच्या पाठीवर वारसांचा तक्ता मांडला : तीन मुलगे, एक मुलगी, विधवा, आणि सुसल्येपुढे त्यांनी प्रश्नचिन्ह घातले. मग म्हणाले, "वाटणीची गोष्ट निघाली, की वाड्यात काहीतरी दिसतं. ती मागं पडली, की चार दिवस सगळं निवांत. नीट बघा. भूत असेल नाहीतर नसेल; पण त्याला फेरफार कळतो एवढं नक्की!"

या चर्चांना मी केवळ करमणूक मानत नाही. आमच्या एम. ए.च्या वर्गात कादंबरीतील संभाव्यता यावर चाळीस मिनिटे बोलल्यावर पहिल्या बाकावरच्या मुली वहीत काहीतरी लिहून घेतात आणि मागच्या बाकावर कोणी पेंगत असतो. इथे मात्र एकही पारिभाषिक शब्द न वापरता चार माणसे संभाव्यतेचाच काथ्याकूट करत होती. भुताने वाटेल ते केलेले त्यांना चालत नव्हते. भुतालाही नियम हवा, त्याने तो पाळायला हवा आणि लेखकाने मध्येच तो बदलता कामा नये, हा त्यांचा आग्रह होता. सिस्टरांची कडी हा त्याच आग्रहाचा भाग.

आणि हा आग्रह कोकणात जुना आहे. आमची भुते कधीच मोकाट नव्हती. मुंज होऊन सोडमुंज होण्याआधी वारलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते. पाण्यात बुडून मेलेला गिऱ्हा होतो आणि पाण्याची हद्द सोडत नाही. चकवा नुसता वाट चुकवतो, त्याहून जास्त अधिकार त्याला नाही. जातवार, वयवार, हद्दवार अशी ही नोंदवही आहे, आणि ती कागदावरही उतरलेली आहे. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी मुंबई इलाख्यातल्या शाळामास्तरांकडून लोकसमजुतींची माहिती प्रश्नावली पाठवून मागवली होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी त्यांना गोळी घातली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या मागे राहिलेल्या त्या कागदांतून एन्थोव्हेन यांनी कोकणच्या लोकसमजुतींचा एक इंग्रजी ग्रंथ १९१५ साली सिद्ध केला, हे तितके ठाऊक नाही. त्यात कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडातल्या, खेड्यापाड्यांतल्या मास्तरांची उत्तरे आहेत. सरकारी पत्राला उत्तर म्हणून आपल्या गावच्या भुतांची माहिती सुवाच्य अक्षरात लिहून पाठवणारा तो मास्तर मला नेहमी डोळ्यांपुढे दिसतो. वरून आलेला कागद निकालात काढायचा, मग तो पटसंख्येचा असो की वेताळाचा!

रोह्याच्या माणसाला यात नवल वाटायचे नाही. आमचे ग्रामदैवत धावीर महाराज. त्यांच्या पालखीला पोलिसांची सशस्त्र मानवंदना मिळते. जिथे देवाचा सरकारदरबारी असा मान आहे, तिथे भुताची नोंद सरकारी कागदात असली तर बिघडले कुठे?

या सगळ्या नोंदवहीत मला सर्वांत विचार करायला लावतो तो समंध. ज्याला वारस नाही, किंवा ज्याची वासना धनात-जमिनीत अडकून राहिली, तो मेल्यावर समंध होतो आणि आपल्या मिळकतीचा उपभोग दुसऱ्याला घेऊ देत नाही. ही व्याख्या मी डब्यात सांगितली, तेव्हा भाऊसाहेबांनी एवढेच विचारले, "मग मी काय वेगळं म्हणत होतो?" खरेच, ते काही वेगळे म्हणत नव्हते. कोकणात जमीन थोडी, वाटेकरी फार, निम्मे वाटेकरी मुंबईला, आणि आजोबांच्या नावावरची वाटणी नातवंडांपर्यंत झालेली नसते. घर सामाईक, आंबा सामाईक, विहीर सामाईक. अशा घरात मेलेल्या माणसाचे नाव उताऱ्यावर जिवंत माणसासारखे वर्षानुवर्षे नांदत असते. त्याला कोणी समंध म्हणेल, कोणी मयत खातेदार म्हणेल. तो जागेवरून हललेला नाही, हे दोघांनाही मान्य आहे.

माझे मत असे, की 'रात्रीस खेळ चाले'ची सगळी ताकद या एका गोष्टीत होती. मुंबईच्या मालिकेतले भूत कोणत्याही इमारतीत शिरू शकते. नाईकांच्या वाड्यातले भूत जमिनीला बांधलेले होते. प्रेक्षकांनी ते अचूक ओळखले, लेखकांपेक्षाही कदाचित अधिक. ऑक्टोबर २०१६ मध्ये पहिला भाग संपला आणि रहस्य उलगडले, तेव्हा डब्यात कोणाचेच समाधान झाले नाही. फिटर तर दोन दिवस बोलला नाही. त्याची टिपणे अधिक बिनचूक होती.

दुसऱ्या भागाने काळ मागे नेला आणि अण्णा जिवंत झाले. माधव अभ्यंकरांनी ते असे उभे केले, की त्यांनी नुसते अंगणात पाऊल टाकले तरी आमच्या घरात मुले जवळ सरकून बसत. हा भाग मी आमच्या आळीतल्या एका आजींबरोबर पाहत असे. वय ऐंशीच्या पुढे, माहेर अलिबागच्या बाजूच्या खारेपाटातले. अण्णा एखाद्याची जमीन गिळायला निघाले, की आजी पडद्याकडे बोट करून म्हणत, "खोत हाय ह्यो." मालिकेत तो शब्द त्या अर्थाने कोणी वापरला नव्हता, आजींनी आपल्या पदरचा घातला. त्यांच्या माहेरापासून चरी गाव लांब नाही. खोतांच्या जुलमाविरुद्ध तिथल्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली १९३३ साली संप केला, जमिनी ओसाड टाकल्या आणि उपाशी राहून तो १९३९ पर्यंत टिकवला. आजींच्या बापाने ते दिवस काढलेले. पुढे १९४९ च्या कायद्याने खोती गेली आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनापासून कसणारे कूळ मालक मानले गेले. कागदावर सगळे झाले. पण आजी सांगत, "त्यो मेला तरी त्याच्या बांधावरनं जायला मानसं भ्यायची. दिवसाढवळ्या भ्यायची."

मी विचारले, "आजी, भुताला भ्यायची की खोताला?"

"वेगळा काय हाय?" आजी म्हणाल्या आणि पुढचा प्रवेश पाहू लागल्या.

शेवंतेविषयी लिहिल्याखेरीज या मालिकेचे गाडे पुढे जात नाही. अपूर्वा नेमळेकरांच्या शेवंतेने गावोगावच्या पुरुषमंडळींची जी अवस्था केली, तिचे वर्णन या कौटुंबिक अंकात नको. पण बायकांनाही ती आवडली, हे अधिक महत्त्वाचे. सिस्टरांचा सिद्धान्त मला फार मोलाचा वाटतो. त्या म्हणाल्या, "तिला सूड नकोय, सर. तिला नाव हवंय. अण्णा तिला सगळं देतो, साड्या, दागिने. नाव देत नाही. जिवंतपणी मिळालं नाही, म्हणून मेल्यावर मागायला येणार." हे ऐकल्यावर मी जुनी भूतयादी पुन्हा डोळ्यांखालून घातली. हडळ, जखीण, लावसट : बाळंतीण, सवाशीण, विधवा. ज्यांचे नाव कुठल्याच उताऱ्यावर चढत नसे, त्यांच्यासाठी या यादीत मात्र स्वतंत्र रकाने होते.

मालिका सुरू झाली तेव्हा सिंधुदुर्गातून विरोधाचे सूर उमटले होते. कोकणची बदनामी होते, अंधश्रद्धा पसरते, असा आक्षेप होता. बदनामीचा मुद्दा मला पटत नाही. मालवणी बोली इतक्या दिमाखात घराघरांत पोचवणाऱ्या कलाकृतीला बदनामी म्हणणे कृतघ्नपणाचे आहे. आमच्या आगरी विद्यार्थ्यांनी ती मालवणी ऐकून मला विचारले, "मग आमच्या बोलीत मालिका का नाही?" हा प्रश्न एकट्यानेच ती मालिका सार्थकी लावणारा आहे. अंधश्रद्धेचा आक्षेप बाकी तसा झटकून टाकता येत नाही. का, ते सांगतो.

२०१९ सालच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. लोकसाहित्याच्या तासाला मी भुतांची ती यादी सांगितली होती. तास संपल्यावर दुसऱ्या वर्षाची एक मुलगी थांबली. कुंडलिकेच्या खोऱ्यातल्या एका लहान गावची. गावाचे नाव सांगत नाही. तिने विचारले, "सर, समंध बाईमाणसाला धरतो का?" परीक्षेसाठी विचारते आहे, असे समजून मी उत्तर देऊ लागलो. मग तिचा चेहरा पाहिला आणि तिला बसायला सांगितले.

तिचे वडील ती लहान असताना वारलेले. आजोबा त्या वर्षी शिमग्यानंतर गेले. जमीन आजोबांच्या नावावर. रात्री माळ्यावर आवाज येऊ लागला. मग गाय मेली. चुलत्यांनी शेजारच्या गावचा भगत आणला. भगताने सांगितले, म्हाताऱ्याचा जीव जमिनीत अडकला आहे. ज्या हिश्शात पुरुष नाही, तो हिस्सा मोकळा झाल्याशिवाय तो सुटत नाही. हिस्सा मोकळा करायचा म्हणजे मुलीच्या आईने हक्कसोडपत्रावर सही करायची. मुदुतीत केली नाही, तर म्हातारा घरातल्या तरण्या मुलीला धरील. घरात सगळे मिळून मालिका पाहत. जेवताना काका म्हणत, "बघितलंस ना वहिनी, अण्णा कसा फिरतो तो? तसा आपला म्हातारा फिरतोय." आई सहीला तयार झाली होती. स्वतःच्या भीतीने नव्हे, मुलीच्या.

मुलगी शहाणी होती. तिला हे सगळे कळत होते. पण रात्री माळ्यावर आवाज झाला, की तिचे शहाणपण तिला पुरत नसे. मी तिला व्याख्यान दिले नाही. दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांपुढे नेऊन उभे केले.

त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "म्हातारा फिरतोय ना? फिरू दे. वारसनोंद झाली का?" झाली नव्हती. मग त्यांनी तिला समजावले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात पहिल्या वर्गाच्या वारसांत आधी वारलेल्या मुलाची विधवा आहे, त्याची मुलगीही आहे. अर्ज द्यायचा, गाव नमुना सहा-क मध्ये वारसांची नोंद होते, मग फेरफार पडतो, नोटीस लागते, हरकतीला पंधरा दिवस. आणि भगताविषयी म्हणाले, "त्याला सांग, २०१३ साली कायदा झालाय. भुताची भीती घालून कोणाला लुबाडलं, छळलं, तर आत जावं लागतं. नुसतं सांग. पुढचं तो समजेल." त्या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षे झगडले आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाल्यानंतरच तो अध्यादेशाच्या रूपाने आला, हे त्या मुलीला ठाऊक होते. तो कायदा आपल्या माळ्यापर्यंत पोचतो, हे तिला नवीन होते.

भगत पुन्हा आला नाही. नोटिशीचे पंधरा दिवस गेले, कोणी हरकत घेतली नाही आणि मायलेकींची नावे चढली. त्या वर्षीपासून घरात दोन चुली झाल्या. पुढच्या गणपतीत चुलत्यांनी आरतीला हाक मारली नाही. आईने नंतर एकदा मला सांगितले, की सही केली असती तर बरे झाले असते असे तिला अधूनमधून वाटते. माणसे तरी राहिली असती. यावर मला काही बोलता आले नाही. माळ्यावरच्या आवाजाबद्दल भाऊसाहेबांचे मत उंदीर असे आहे. मुलगी सांगते, नोंद झाल्यावर तो थांबला.

यात दोष मालिकेचा किती? माझ्या मते मालिकेने भीती निर्माण केली नाही. ती माळ्यावर होतीच. पण चुलत्यांना तिने एक तयार चेहरा पुरवला. नुसत्या म्हाताऱ्यापेक्षा अण्णा नाईकांसारखा म्हातारा अधिक उपयोगी पडतो. आणि गंमत अशी, की त्याच मालिकेने भाऊसाहेबांचा सिद्धान्तही सगळ्यांपुढे ठेवला होता : आवाज झाला की वाटणीचे बोलणे कुठवर आले ते पाहा. चुलत्यांनी अर्धीच मालिका पाहिली म्हणायची.

तिसऱ्या भागाविषयी थोडक्यात सांगतो, कारण सांगण्यासारखे थोडे आहे. त्यात अण्णा आणि शेवंता उघडउघड भुते होऊन वाड्यात वावरू लागली, बोलू लागली, एकमेकांशी भांडू लागली. लोकांनी पाहिले, पण डब्यातले पक्ष मोडले. वादच उरला नाही, तर पक्ष कशाला? २०२१ च्या गणपतीआधी हमरापूरला एका मूर्तिकाराच्या कारखान्यात गेलो होतो. शाडूच्या वासात, ओळीने मांडलेल्या बिनडोळ्यांच्या मूर्तींमध्ये बसून तो रंग कालवत होता आणि त्याच्याही तोंडी मालिकाच. तो म्हणाला, "आम्ही डोळे शेवटी आखतो, सर. तोपर्यंत मूर्ती आपल्याकडं बघत नाही, आपण तिच्याकडं बघत असतो. यांनी भुताचे डोळे पहिल्याच दिवशी आखून टाकले. आता बघायचं काय राहिलं?" पाच-सहा समीक्षकांची परीक्षणे वाचली, इतके नेमके कोणी लिहिलेले आढळले नाही.

पॅसेंजरच्या जागी आता मेमू गाडी आली आहे. डबा मात्र अजून भरतो. फिटरने पांडूला सोडलेले नाही. मागच्या महिन्यात नागोठणे सुटल्यावर त्याने आपला जुना मुद्दा पुन्हा काढला : पांडू वारस नाही, भाऊबंद नाही, मग त्याला वाड्यातून मिळणार काय? हेतू सापडत नाही, तिथेच आपला सिद्धान्त अडतो, अशी त्याने प्रथमच कबुली दिली. भाऊसाहेब बाहेर पाहत होते. ते म्हणाले, "पांडूचा बाप कोण होता, ते दाखवलं होतं का कुठं?"

"म्हणजे?"

"वाड्यावर राबणारा गडी. बाप, आजा तिथंच राबलेले असणार. कसत असतील एखादा तुकडा. सत्तावन्न साली त्यांचं नाव कुळात लागलं होतं का? आणि लागलं असेल, तर ते काढलं कोणी?"

डब्यात कोणी बोलेना. फिटरने खिशातून भ्रमणध्वनी काढला आणि जुनी टिपणे शोधू लागला. सिस्टर म्हणाल्या, "अगं बाई!" आणि मग चौघेही एकदम बोलू लागले. रोहा केव्हा आले ते कळले नाही. ते शेवटचे स्थानक आहे म्हणून बरे.